आठ टिपर, दोन ठेके आणि एक प्रस्ताव : कचरा उचलणाऱ्या कंपन्या एकमेकींना विकत का घेतात?

ताळेबंद (सांगली)

नमस्कार. हा धागा लांबणार आहे. प्रश्न एका छोट्या ठेकेदाराचा असला, तरी त्याचे उत्तर शोधताना मी बराच दूरचा फेरफटका मारून आलो आहे.

मी सांगलीत गेली बावीस वर्षे छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहितो. माझ्याकडे हिशेबाला असलेले एक गृहस्थ जिल्ह्यातल्या दोन नगरपरिषदांच्या हद्दीत घरोघरचा कचरा गोळा करण्याचे ठेके चालवतात. त्यांच्याकडे आठ टिपर, एक जुना कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारी गाडी), एक ट्रॅक्टर आणि एकेचाळीस माणसे आहेत. गेल्या महिन्यात बाहेरगावच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे आला, चहा घेतला आणि धंदा विकायचा आहे का, असे सरळच विचारून गेला. आमच्या ठेकेदारांना प्रथम ही थट्टाच वाटली. टिपरचे डबे कचऱ्याच्या पाण्याने सडलेले आहेत, एका ठेक्याचे अठरा महिने उरले आहेत आणि दुसऱ्याचे जेमतेम अकरा. यात विकत घेण्यासारखे काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता आणि खरे सांगायचे तर माझाही.

म्हणून मी जगात या धंद्यात खरेदी-विक्री कशी होते ते वाचू लागलो. सर्वांत उपयोगी पडले ते एका मध्यम आकाराच्या प्रादेशिक कंपनीचे उदाहरण. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे छोटे राज्य आहे. त्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत, म्हणजे २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या घरात असलेल्या आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेपेक्षा फार मोठी नाही. तिथल्या रटलंड गावात १९७५ साली डग कॅसेला यांनी एका ट्रकवर कचरा उचलण्याचा धंदा सुरू केला. पुढच्या वर्षी त्यांचे भाऊ जॉन त्यात आले आणि १९७७ मध्ये दोघांनी राज्यातले पहिले पुनर्चक्रण केंद्र काढले. १९९७ मध्ये कॅसेला वेस्ट सिस्टिम्स ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. २०२३ मध्ये तिने जीएफएल या कॅनडाच्या कंपनीचा पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि मेरीलँड या राज्यांतला व्यवसाय ५२.५ कोटी डॉलरला घेतला, आणि २०२४ मध्ये तिची उलाढाल दीडशे कोटी डॉलरच्या पुढे गेली. मुख्यालय मात्र अजून रटलंडलाच आहे.

एका ट्रकपासून इथपर्यंतची वाट बहुतांशी दुसऱ्यांचे धंदे विकत घेत काढलेली आहे, आणि त्यात मोठ्या व्यवहारांपेक्षा छोटे व्यवहार कितीतरी अधिक आहेत. एखाद्या गावातला दोन-चार ट्रकांचा मालक थकतो, मुले धंद्यात यायला तयार नसतात, तेव्हा शेजारच्या गावात आधीपासून काम करणारी कंपनी त्याची गिऱ्हाइके आणि गाड्या घेऊन टाकते. हे वाचून मला आमच्या ठेकेदारांचीच गोष्ट वाचतो आहे असे वाटले. पण थोडे खोल गेल्यावर एक फरक दिसला आणि तिथे मी अडलो आहे. तिथली कंपनी गाड्या विकत घेते ती कचरा पुरण्याच्या आपल्या खड्ड्याला कचरा मिळावा म्हणून. इथे खड्डा ठेकेदाराचा नाहीच. मग इथला खरेदीदार नेमके काय विकत घेतो आहे? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुना निरीक्षक (मिरज)

ताळेबंद साहेब, मी स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. खड्ड्याचे नंतर पाहू. आधी गाड्यांचा हिशेब समजून घ्या, कारण निम्मे उत्तर तिथेच आहे.

एक घंटागाडी दिवसाला साधारण हजार घरे करते आणि त्यासाठी तिला दोन फेऱ्या लागतात. घरटी सव्वा किलो कचरा धरला तर दिवसाला सव्वा टन होतो. डेपो गावापासून बारा किलोमीटरवर आहे असे समजा. म्हणजे एका टिपरचे दिवसाला अठ्ठेचाळीस किलोमीटर केवळ ओझे टाकून येण्यात जातात आणि आठ टिपरचे मिळून तीनशे चौऱ्याऐंशी. या धावण्यात ना कचरा गोळा होतो, ना गल्ली झाडली जाते. केवळ डिझेल जळते, आणि नऊ वाजता येणारी गाडी साडेअकराला आली म्हणून बायामाणसांची बोलणी आम्हाला खावी लागतात.

आता त्याच आठ टिपरचा दहा टन कचरा गावाजवळच एका हस्तांतरण केंद्रावर मोठ्या कॉम्पॅक्टरमध्ये रिकामा केला, तर कॉम्पॅक्टरच्या दोन फेऱ्यांत काम भागते. तीनशे चौऱ्याऐंशीचे अठ्ठेचाळीस किलोमीटर होतात, शिवाय टिपर गावातल्या गावात राहून आणखी घरे करतात. पण मोठा कॉम्पॅक्टर आणि ते केंद्र एका गावाच्या ठेक्याला परवडत नाही. शेजारची तीन गावे एकाच हाती असतील तरच परवडते. आपल्याकडे जो कोणी विचारायला आला असेल, त्याने आधी आजूबाजूच्या गावांतले ठेके घेतलेले आहेत का, ते पाहा. घेतलेले असतील तर तुमच्या ठेकेदारांचा धंदा त्यांना जेवढ्याला पडेल त्याहून अधिक मोलाचा आहे, आणि हे विकणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

आणखी एक बाब. ठेका टनावर आहे की घरांवर, हे तुम्ही लिहिलेले नाही. टनावर असेल तर पावसाळ्याच्या चार महिन्यांचे वजन वेगळे काढा. आपल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो आणि पावसात तो आणखी पाणी पितो. काट्यावर पाणी मोजायचे आणि बिल कचऱ्याचे काढायचे, हा जुना प्रकार आहे. खरेदीदार शहाणा असेल तर तो जूनपासूनच्या पावत्या आधी मागेल.

वाईकर (न्यू हॅम्पशायर)

मी मूळचा वाईचा. गेली चौदा वर्षे व्हरमाँटच्या शेजारच्या राज्यात राहतो, त्यामुळे आपण लिहिलेल्या कंपनीच्या गाड्या रोज पाहतो. इथला कारभार आपल्याकडच्या वाचकांना थोडा उलगडून सांगणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे इथल्या अनेक खेड्यांत घंटागाडी येतच नाही. शनिवारी आपणच कचरा गाडीत घालून गावाच्या हस्तांतरण केंद्रावर नेतो, पुष्कळ ठिकाणी पिशवीमागे पैसे मोजतो आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारून परत येतो. ज्यांना दारातून कचरा उचलून हवा असतो, ते थेट कंपनीशी करार करून महिन्याला पैसे देतात. म्हणजे इथे कंपनी विकत घेते ती एकेका घराची आणि दुकानाची वर्गणी. नगरपालिकेची निविदा हा केवळ एक भाग असतो. गिऱ्हाईक समाधानी असेल तर ते वर्षानुवर्षे टिकते. आपल्याकडचा ठेका मुदत संपली की संपतो.

दुसरी गोष्ट खड्ड्याची. पूर्वी इथेही प्रत्येक गावाचा स्वतःचा उकिरडा होता. १९७६ चा कायदा आणि त्याखाली १९९१ मध्ये आलेले केंद्रीय नियम यांनी तळाला अस्तर, झिरपणारे पाणी गोळा करण्याची व्यवस्था, भूजलाची तपासणी आणि खड्डा बंद केल्यावर तीस वर्षे देखभाल हे सारे बंधनकारक केले. छोट्या गावांना तो खर्च झेपण्यासारखा नव्हता, त्यामुळे त्यांनी आपले उकिरडे बंद केले. १९८८ मध्ये देशात ७,९२४ भूभराव क्षेत्रे, म्हणजे कचरा पुरण्याचे खड्डे, होती आणि २००५ पर्यंत १,६५४ उरली. कचरा काही कमी झाला नाही. तो थोड्या, मोठ्या आणि खासगी खड्ड्यांकडे वळला. ज्याच्याकडे परवाना असलेला खड्डा होता, तो रातोरात सावकार झाला, कारण नवा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य होत गेले.

व्हरमाँटमध्ये आज चालू असलेले भूभराव क्षेत्र एकच आहे, कॉव्हेंट्री गावातले, आणि ते याच कंपनीचे आहे. राज्यात कचरा कोणीही उचलो, तो टाकायला शेवटी तिथे जावे लागते, नाहीतर राज्याबाहेर न्यावा लागतो. ईशान्येकडे टनाला द्यावा लागणारा दर देशाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त आहे, त्याचे कारण हेच.

ताळेबंद (सांगली)

वाईकर साहेब, मनापासून आभार. आपल्या प्रतिसादावरून मी कागदावर थोडे आकडे मांडून पाहिले. ते केवळ समजुतीसाठी आहेत.

एक हेक्टर जागेवर सरासरी दहा मीटर उंचीचा भराव केला, तर एक लाख घनमीटर पोकळी मिळते. दाबलेला कचरा घनमीटरला आठशे किलो धरला तर त्यात ऐंशी हजार टन मावतो. टनाला साठ डॉलर दर मिळाला तर त्या एका हेक्टरातून अठ्ठेचाळीस लाख डॉलर येतील. अर्थात अस्तर, पाण्याची प्रक्रिया, वायू गोळा करणाऱ्या नळ्या आणि नंतरची तीस वर्षे हे सारे त्यातूनच करायचे. हिशेबनीस म्हणून मला याची गंमत वाटली, कारण ही मालमत्ता वापराने भरत जाते आणि भरली की संपते. खाणीसारखीच, फक्त उलटी. तिचा घसारा वर्षांवर काढायचा नसतो, तो टनांवर काढायचा असतो.

आता छोट्या मालकाची बाजू पाहू. त्याच्याकडे चार ट्रक आहेत, पण खड्डा नाही, त्यामुळे प्रत्येक टनामागे साठ डॉलर तो दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. तोच धंदा खड्ड्याच्या मालकाने विकत घेतला की हे साठ डॉलर बाहेर जाण्याचे थांबतात. म्हणजे त्याच चार ट्रकांची किंमत विकणाऱ्याच्या वहीत एक असते आणि घेणाऱ्याच्या वहीत त्याहून पुष्कळ जास्त, आणि यात कोणी कोणाला फसवलेले नसते.

आपल्याकडे ही साखळी तुटलेली आहे. समडोळी रस्ता असो, बेडग रस्ता असो की साताऱ्याजवळचे सोनगाव असो, डेपो नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा. ठेकेदाराने गाडी आणून ओतायची, त्यासाठी त्याला दर द्यावा लागत नाही. त्यामुळे फेऱ्या कमी करण्यातून जे वाचेल त्याखेरीज खरेदीदाराला दुसरा फायदा मला दिसत नाही.

भागधारक (कराड)

मी शेअर बाजाराच्या बाजूने लिहितो. आपल्या देशात साखळी पूर्ण असलेला नमुना हवा असेल तर मुंबईतल्या कांजूरमार्गकडे पाहावे लागेल. जमीन तिथेही कंपनीची नाही, पण पंचवीस वर्षांचा करार आहे आणि महापालिका आत येणाऱ्या टनामागे पैसे देते. तो प्रकल्प चालवणारी अँटनी वेस्ट हँडलिंग सेल ही कंपनी १ जानेवारी २०२१ रोजी बाजारात नोंदली गेली. मार्च २०२० मध्ये पहिल्यांदा आणलेली विक्री पुरेसा प्रतिसाद न मिळाल्याने तिला मागे घ्यावी लागली होती. डिसेंबरमध्ये ३१५ रुपये भावाने ती पुन्हा आणली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. कचरा तोच होता, नऊ महिन्यांत बदलले ते बाजाराचे मन.

आपल्याकडे या धंद्यात मोठा पैसा छोटे ठेके गोळा करून आलेला नाही. २०१८ मध्ये केकेआर या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने हैदराबादच्या रामकी एन्व्हायरो इंजिनिअर्समधला साठ टक्के वाटा सुमारे ५३ कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. ती कंपनी आता री सस्टेनॅबिलिटी या नावाने ओळखली जाते. म्हणजे इथे वरून पैसा येतो आणि खाली निविदा भरल्या जातात. गल्लीतल्या ठेकेदारापर्यंत खरेदीदार पोहोचणे ही तुलनेने नवी गोष्ट असावी, आणि म्हणून ताळेबंद यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

पण खरेदी करत वाढणाऱ्या कंपनीचे हिशेब वाचताना डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते, हे मला वेस्ट मॅनेजमेंट या अमेरिकेतल्या कचरा कंपनीच्या इतिहासाने शिकवले. १९६८ मध्ये डीन बंट्रॉक, वेन ह्युझेंगा आणि लॅरी बेक यांनी ती उभी केली, १९७१ मध्ये ती बाजारात आली आणि १९७२ पर्यंत तिने १३३ खरेदी-व्यवहार केले होते. पुढे खरेदी करण्यासारखे छोटे मालक कमी होत गेले. नफ्याची वाढ मात्र बाजाराला तशीच हवी होती. १९९८ मध्ये कंपनीला मागच्या वर्षांचा नफा १७० कोटी डॉलरनी कमी करून पुन्हा मांडावा लागला. तिथल्या बाजार नियामकाने २००२ मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत जे प्रकार नोंदले आहेत, ते कोणत्याही हिशेबनिसाने वाचावेत असे आहेत. कचऱ्याच्या गाड्यांचे आयुष्य कागदावर वाढवले. मोडीत कवडीमोल जाणाऱ्या गाडीला मोठी मोडकिंमत लावली. खड्डे भरत चालले तरी त्यांची किंमत वहीत कमी केली नाही. एखादी कंपनी विकत घेताना पर्यावरणाच्या नावाने फुगवून तरतूद करायची आणि नंतरच्या वर्षांतले रोजचे खर्च त्या तरतुदीतून भागवायचे, हाही एक प्रकार होता. लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसनला यासाठी २००१ मध्ये ७० लाख डॉलर दंड झाला, आणि पुढच्याच वर्षी ती संस्था दुसऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात संपली.

कॅसेलाची वाटही सरळ नव्हती. १९९९ मध्ये तिने केटीआय ही कंपनी घेतली, त्यातून आपल्या मूळ कामाबाहेरचे उद्योग अंगावर आले आणि त्यांतले बरेच पुढे विकावे लागले. शेजारच्या गावातला ट्रकवाला विकत घेणे आणि आपल्याला न कळणारा धंदा विकत घेणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कृष्णाकाठची (मिरज तालुका)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माहिती उत्तम आहे, पण आपण सगळे गाडीत बसून बोलत आहात. मी डेपोच्या बाजूने बोलते.

आमचे शेत एका कचरा डेपोपासून दीड किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात ढीग पेटतो आणि धूर दोन-दोन दिवस शिवारावर बसून राहतो. पावसाळ्यात काळे पाणी ओढ्यात उतरते. आमच्या विहिरीचे पाणी आम्ही प्यायचे सोडून दिले, त्याला आता नऊ वर्षे झाली. तक्रार घेऊन गेले की नगरपरिषद म्हणते ठेकेदाराला विचारा, आणि ठेकेदार म्हणतो माझे काम डेपोच्या दारापर्यंत. उद्या तो ठेकेदारच विकला गेला, तर तिसरा म्हणेल की हे माझ्या आधीचे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पूर ओसरल्यावर गाद्या, धान्य, फर्निचर, मेलेली जनावरे असा जो कचरा रस्त्यावर आला, त्याचे वजन कोणत्या ठेक्यात बसत होते? तो उचलायला बाहेरगावची माणसे आपल्या गाड्या घेऊन धावून आली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते सगळे गेले कुठे? डेपोतच. खरेदीदार ताळेबंद तपासेल, टिपर तपासेल. त्या ढिगाचा मालक कोण, हे कोणत्या कागदावर लिहिलेले असते, एवढेच मला कोणीतरी सांगावे.

वाईकर (न्यू हॅम्पशायर)

ताई, आपल्या प्रश्नावर इथलेही लोक भांडतच आहेत. कॉव्हेंट्रीचे भूभराव क्षेत्र मेम्फ्रेमागॉग नावाच्या मोठ्या तलावाच्या पाणलोटात आहे. तो तलाव कॅनडात शिरतो आणि तिकडच्या लोकांचे पिण्याचे पाणी त्यातून येते. झिरपलेल्या पाण्यात पीएफएएस ही न विघटणारी रसायने सापडतात म्हणून त्या पाणलोटात ते पाणी प्रक्रिया करून सोडणेही थांबवावे लागले आणि ते टँकरने दूर न्यावे लागते. आमच्या राज्यात डाल्टन गावाजवळ फॉरेस्ट लेकच्या शेजारी नवा खड्डा करण्याच्या याच कंपनीच्या प्रस्तावाला लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. मॅसॅच्युसेट्समधल्या साउथब्रिजचा खड्डा २०१८ मध्ये बंद झाला, त्याआधी आसपासच्या घरांच्या विहिरी दूषित आढळल्या होत्या.

फरक एवढाच आहे की इथे कोणाला धरायचे ते ठरलेले असते. खड्डा ज्याच्या नावावर, त्याने तो बंद करण्याचा आणि नंतरच्या तीस वर्षांचा खर्च आधीच हमी म्हणून बाजूला दाखवावा लागतो. कंपनी विकली गेली तर ती जबाबदारी घेणाऱ्याकडे जाते.

जुना निरीक्षक (मिरज)

ताईंच्या प्रश्नाला नियमांतून उत्तर देता येते, समाधानकारक नसले तरी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातलेल्या अटी अशा होत्या : भूभराव क्षेत्र नदीपासून १०० मीटर आणि तळे, महामार्ग, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर दूर हवे. तळाला ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर हवे. बंद केल्यावर किमान १५ वर्षे देखभाल हवी. आणि मुळात तिथे जाऊ द्यायचा तो केवळ प्रक्रियेनंतर उरलेला निरुपयोगी भाग. आपण ज्याला डेपो म्हणतो ते यांपैकी काहीच नसते. तो उघड्यावरचा साठा असतो, आणि त्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. ठेकेदार बदलला, विकला गेला, पळून गेला, तरी ती हलत नाही. त्यामुळे ताई, पुढच्या वेळी ठेकेदाराकडे जाऊ नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, त्याची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

चौंडेश्वरी चौक (विटा)

एक वेगळा मुद्दा. आपल्या भागातल्या छोट्या गावांनी मोठ्या कंपनीवाचूनही हे काम करून दाखवलेले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांच्या गटात २०२० मध्ये कराड देशात पहिले आले, २०२१ मध्ये आमचे विटे आणि २०२२ मध्ये पाचगणी. लागोपाठ तीन वर्षे पहिला क्रमांक सातारा-सांगलीतच राहिला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला तर खड्ड्यात जाण्यासारखे फारसे उरत नाही, मग खड्डा कोणाचा हा वादही लहान होतो. टनावर पैसे घेणाऱ्याला कचरा कमी व्हावा असे का वाटावे?

भागधारक (कराड)

कराडकर म्हणून अभिमान आहेच, पण क्रमांक हा एका वर्षाच्या तपासणीचा असतो आणि कचरा रोजचा असतो. तरी आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे. व्हरमाँटने २०१२ मध्ये कायदा करून टप्प्याटप्प्याने १ जुलै २०२० पासून घरातले खरकटेही खड्ड्यात टाकण्यास बंदी केली, तरी कंपनी बुडाली नाही. तिने खरकटे वेगळे उचलण्याचेही पैसे घेतले. धंदा टनावर चालतो हे खरे, पण कोणत्या टनाला किती दर द्यायचा, हे दर लिहिणाऱ्याच्या हातात असते. नगरपरिषदेने मिश्र कचऱ्याला कमी आणि वेगळ्या केलेल्या कचऱ्याला जास्त दर लिहिला, तर हाच ठेकेदार दारात उभा राहून ओले-सुके वेगळे मागेल.

ताळेबंद (सांगली)

या चर्चेनंतर मी आमच्या ठेकेदारांबरोबर बसून खरेदीदाराचा लेखी प्रस्ताव वाचला. जे दिसले ते लिहितो, म्हणजे याच धंद्यातल्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

निरीक्षक साहेबांचा अंदाज अचूक निघाला. या कंपनीने शेजारच्या दोन गावांचे ठेके गेल्या वर्षभरात मिळवलेले आहेत आणि आमची दोन गावे नेमकी त्यांच्या मधोमध येतात. त्यांना आमचे टिपर नकोच आहेत. त्यांना कचरा उचलण्याचे मार्ग हवे आहेत, आणि त्याहून अधिक हवा आहे तो कामाचा अनुभव, कारण पुढच्या निविदेत रोज अमुक टन कचरा इतकी वर्षे उचलल्याचा दाखला मागितला जाईल.

अडचण इथेच आहे. आमच्या ठेकेदारांचा धंदा त्यांच्या एकट्याच्या मालकीचा आहे, त्याची कंपनी नाही. कंपनी असती तर शेअर विकले की आतला करार आपोआप नव्या मालकाकडे गेला असता आणि नगरपरिषदेला कदाचित नंतर कळले असते. इथे तसे होत नाही. करार माणसाच्या नावाने आहे. तो दुसऱ्याच्या नावाने करायचा तर १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम ६२ प्रमाणे जुना करार मोडून नवा करावा लागेल, आणि त्याला नगरपरिषदेची संमती लागेल. अनुभवाचा दाखला तर त्यांच्याच नावाचा आहे, तो टिपरबरोबर विकता येत नाही. हे मी खरेदीदाराच्या प्रतिनिधीला विचारले, तेव्हा त्याने आमच्या ठेकेदारांना पाच वर्षे भागीदार म्हणून ठेवण्याची तयारी दाखवली. म्हणजे शेवटी विकत घेण्यासारखी वस्तू ते स्वतःच आहेत.

प्रस्तावातली किंमत मात्र टिपरच्या वहीतल्या किमतीवर काढलेली आहे. मी टिपरचे आयुष्य आठ वर्षे धरून घसारा काढतो, प्रत्यक्षात डबा चौथ्या वर्षी बदलावा लागतो. म्हणजे माझ्या वहीत टिपर प्रत्यक्षापेक्षा महाग दिसतात. भागधारक यांनी सांगितलेला गाड्यांच्या आयुष्याचा प्रकार वाचून मी स्वतःच थोडा ओशाळलो. शिवाय नगरपालिकेला दिलेल्या या सेवेवर जीएसटी माफ असल्याने टिपर घेताना भरलेला कर परत मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. हे खरेदीदाराच्या हिशेबनिसाने बरोबर ओळखले आणि तेवढी रक्कम कापायला सांगितली. मी त्याला नमस्कार केला.

थकलेली बिले त्यांना नको आहेत. एका नगरपरिषदेकडे सात महिन्यांची देयके अडकली आहेत आणि सुरक्षा ठेव वेगळी. ती विकणाऱ्यानेच वसूल करायची, असे कलम आहे. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची वर्गणी मात्र आजपर्यंत चोख भरलेली असल्याचे हमीपत्र त्यांना हवे आहे, कारण मागची थकबाकी निघाली तर ती घेणाऱ्याच्याही गळ्यात येते. एकेचाळीसपैकी किती माणसे ठेवणार, यावर प्रस्तावात एक ओळही नाही. फेऱ्या कमी होणार म्हणजे चालक कमी होणार, हे उघड आहे. आमच्या ठेकेदारांनी सही थांबवली आहे ती याच मुद्द्यावर. त्यांचा जुना मुकादम त्यांच्याबरोबर हातगाडीच्या काळापासून आहे.

कृष्णाकाठच्या ताईंचा मुद्दाही आम्ही मांडला. नव्या करारात डेपोच्या दारापर्यंतचेच काम आहे, तेव्हा आमच्या काळात आत काय आणि किती टाकले याची संयुक्त मोजणी हस्तांतरणाच्या दिवशी व्हावी आणि तिच्यावर नगरपरिषदेचीही सही असावी, अशी अट आम्ही घातली आहे. खरेदीदाराला ती चालेल असे दिसते. नगरपरिषदेकडून अजून उत्तर आलेले नाही.

जुना निरीक्षक (मिरज)

मोजणीची अट सोडू नका. आणि जूनच्या पावत्या मागितल्या का त्यांनी?

ताळेबंद (सांगली)

मागितल्या, तीन वर्षांच्या. काट्यावरच्या पावत्या त्या गुळगुळीत कागदावरच्या असल्याने पहिल्या दोन पावसाळ्यांची अक्षरे पार उडून गेली आहेत, कोरे कागद तेवढे टाचलेले उरलेत. गेले चार दिवस मी नगरपरिषदेच्या काट्यावर बसून तिथल्या नोंदवहीतून एकेक वजन उतरवून घेतो आहे. आज पहिल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत पोहोचलो.